कंपायलर गप्प राहतो तेव्हा

करंजीच्या पुढे, पाथर्डीच्या अलीकडे, कल्याण-निर्मल महामार्गावर तिसगाव लागते. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे शेतीला दुधाची जोड. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालायचे, लिटर, फॅट आणि एसएनएफ छापलेली पावती खिशात टाकायची, दहा दिवस भरले की दुधाचा पगार घ्यायचा. हा हिशेब या पट्ट्यातल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून पडतो. अशाच घरातली एखादी मुलगी बारावीनंतर पाथर्डीला, नगरला किंवा पुण्याला बीसीएस नाहीतर डिप्लोमाला प्रवेश घेते आणि पहिल्या वर्षीच तिच्यासमोर सी भाषा येते. घरच्या हिशेबावरच तिने पहिला प्रोग्रॅम लिहिला असे समजू. दहा दिवसांत एकूण १५५ लिटर दूध गेले, रोजची सरासरी काढायची आहे. (कोड वाचायला सोपा जावा म्हणून या प्रकरणात तो नागरीत दिला आहे. यंत्रावर टाइप करताना तो रोमन लिपीतच लिहायचा.)

इंट एकूण = १५५, दिवस = १०;
फ्लोट सरासरी = एकूण / दिवस;

प्रोग्रॅम कंपाइल होतो. एकही चूक दाखवली जात नाही. पडद्यावर उत्तर येते १५.००००००. हिशेबाने ते १५.५ यायला हवे. रोजचे अर्धा लिटर दूध कुठे गेले?

सी शिकताना होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात. पहिली जात कंपायलरला कळणाऱ्या चुकांची. अर्धविराम राहिला, महिरपी कंस बंद केला नाही, नाव लिहिताना एक अक्षर गाळले की तो लगेच अडवतो. पहिल्या आठवड्यात मुले याच चुकांना सगळ्यात जास्त घाबरतात, कारण एक अर्धविराम विसरला की खाली पाच-सात एररची रांग लागते. पण या चुका निरुपद्रवी आहेत. सगळ्यात वरचा एरर तेवढा वाचायचा, तो दाखवतो ती ओळ आणि तिच्या वरची ओळ तपासायची, दुरुस्ती करून पुन्हा कंपाइल करायचे. खालचे बरेचसे एरर आपोआप जातात. पंधरा दिवसांत हाताला वळण लागते.

दुसरी जात वेगळी. वाक्य सीच्या व्याकरणात बसते, फक्त त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनातल्या अर्थाहून निराळा असतो. कंपायलर गप्प राहतो, प्रोग्रॅम चालतो, उत्तर चुकते. हे प्रकरण या दुसऱ्या जातीविषयी आहे. माझे ठाम मत असे की यातल्या बहुतेक चुका मुलांच्या निष्काळजीपणातून होत नाहीत. शाळेत नीट शिकलेले गणित मुले जसेच्या तसे सीमध्ये आणतात आणि सी ते मुकाट्याने घेते, पण त्याचा अर्थ मात्र स्वतःचा लावते.

वरच्या उदाहरणात तेच झाले. दोन पूर्णांकांचा भागाकार सीमध्ये पूर्णांकच येतो आणि अपूर्णांक गळून पडतो. डावीकडे फ्लोट लिहिले आहे, म्हणजे उत्तर दशांशात येईल असे मुलीला वाटले. पण यंत्र आधी उजवी बाजू सोडवते. १५५ भागिले १० म्हणजे १५ हे तिथेच ठरून गेले, मग ते १५ दशांश रूपात साठवले गेले. दुरुस्ती म्हणून पुष्कळ मुले (फ्लोट)(एकूण / दिवस) असे लिहितात. त्याने काहीच फरक पडत नाही, कारण कंसातला भागाकार आधी होतो. (फ्लोट)एकूण / दिवस असे लिहिले की एकूण आधी दशांश संख्या बनते आणि मग भागाकारही दशांशात होतो.

याच चुकीचे दुसरे रूप टक्केवारीत दिसते. दहावीच्या निकालात ५०० पैकी ४१२ गुण मिळाले. मुले लिहितात ४१२ / ५०० * १००. उत्तर शून्य, कारण ४१२ / ५०० हेच मुळी शून्य आहे. कोणीतरी सुचवतो, आधी गुण, मग भाग: ४१२ * १०० / ५००. आजच्या जीसीसी कंपायलरवर याचे उत्तर ८२ येते, वरचे .४ गळते. पण कॉलेजच्या लॅबमध्ये जुने टर्बो सी असेल तर उत्तर येते -४८. टक्केवारी उणे! टर्बो सीमध्ये इंटला १६ बिट मिळतात, त्यात ३२७६७ च्या वरची संख्या मावत नाही. ४१२ गुणिले १०० म्हणजे ४१२००, ती संख्या मर्यादा ओलांडून -२४३३६ बनते आणि तिला ५०० ने भागले की -४८ उरतात. ४१२ * १००.० / ५०० असे लिहिले की दोन्ही कंपायलरवर ८२.४ मिळतात. हे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा दोन्ही कंपायलरवर चालवून पाहावे असे मला वाटते. वहीतली संख्या आणि यंत्रातली संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून डोळ्यांना दिसते.

आता बरोबरच्या चिन्हाकडे येऊ. गणितात डावी आणि उजवी बाजू समान आहेत असे सांगायला = वापरतात. सीमध्ये = म्हणजे उजवीकडची किंमत डावीकडे ठेव. समान आहे का, हे विचारायला == लागते. बीसीपीएल या आधीच्या भाषेत ठेवण्यासाठी := होते आणि तुलनेसाठी =. केन थॉम्पसन यांनी बीसीपीएलवरून बी भाषा बेतली तेव्हा ही चिन्हे बदलली, आणि बीमधून ती सीमध्ये आली. पुढे सी++, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी अशा सगळ्या घराण्याने ती तशीच ठेवली.

इफ (गुण = ३५)
    प्रिंटएफ("काठावर पास");

या दोन ओळी सीच्या दृष्टीने पूर्ण शुद्ध आहेत. यंत्र गुण या डब्यात ३५ ठेवते. ठेवण्याच्या क्रियेलाही किंमत असते आणि ती ३५. शून्य नसलेली कोणतीही किंमत सी खरी मानते. त्यामुळे सगळा वर्ग काठावर पास होतो. त्याहून वाईट म्हणजे ज्याला ९२ गुण होते त्याचेही गुण आता ३५ झालेले असतात. पुढे गुणपत्रक छापणाऱ्या ओळीत चूक दिसते, मुले तिथेच शोधत बसतात, आणि खरी चूक वीस ओळी वर असते.

ही चूक फक्त शिकाऊ माणसाची आहे असे समजू नये. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या कोडच्या एका प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, अशी ती तपासणी वरवर दिसत होती. पण == च्या जागी = होते. लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे रूट, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा. तपासणीच्या वेषात त्या ओळी वापरकर्त्याला रूट करून टाकत होत्या. मूळ कोड आणि प्रत यांच्या नोंदी जुळत नाहीत हे लक्षात आले म्हणून डाव उघडा पडला. पहिल्या वर्षाच्या मुलांची सगळ्यात नेहमीची चूक कोणीतरी हत्यार म्हणून वापरली होती. वाचणाऱ्याच्या डोळ्यालाही ती सहज फसवते, हाच त्यामागचा हिशेब.

गणिताच्या वहीतून येणारी आणखी एक सवय: ३५ <= गुण <= १००. वहीत हे बरोबर आहे. सीमध्ये आधी ३५ <= गुण सोडवले जाते, त्याचे उत्तर १ किंवा ० येते, आणि मग ते १ किंवा ० शंभरहून लहान आहे का हे पाहिले जाते. ते नेहमीच लहान असते. बारा गुणवालाही पास. इथे दोन स्वतंत्र तुलना करून त्या && ने जोडाव्या लागतात.

अर्धविरामाची गंमत अशी की तो नसला तर कंपायलर ओरडतो, पण नको तिथे असला तर बोलत नाही. इफ (गुण >= ३५); असे लिहिले की अट तिथेच संपते. खालची ओळ अटीशिवाय, प्रत्येक वेळी चालते. फॉरच्या ओळीशेवटी अर्धविराम पडला तर लूप रिकामे फिरते आणि कंसातले काम एकदाच होते. महिरपी कंस न घालण्याची सवयही याच कुळातली. समासातली जागा सोडून दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की माणसाला त्या दोन्ही इफच्या आतल्या वाटतात. सीला समास दिसत नाही, कंसाशिवाय फक्त पहिली ओळ इफची असते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीने दुरुस्ती द्यावी लागली ती यामुळेच. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. पहिली इफच्या ताब्यात होती, दुसरी मोकळी. त्यामुळे सर्व्हरची सही तपासण्याची पायरीच गाळली जात होती. पुढे जीसीसीने २०१६ मध्ये, सहाव्या आवृत्तीत, समास फसवा असल्याचा इशारा देण्याची सोय केली.

स्विचमधला ब्रेक हा तर प्रत्येक बॅचचा अनुभव. केस १ गायीच्या दुधाचा दर, केस २ म्हशीच्या. पहिल्या केसनंतर ब्रेक विसरला की प्रोग्रॅम गायीचा दर ठरवतो आणि तसाच खाली घसरून म्हशीचा दर लावतो. गायीच्या दुधाला म्हशीचा भाव! याची उलटी चूकही होते. ब्रेक इफमधून बाहेर काढतो असा समज असतो, पण इफशी ब्रेकचा काही संबंध नाही. तो बाहेरच्या स्विचमधून किंवा लूपमधून उडी मारतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जाळे नऊ तास कोलमडले, त्याच्या मुळाशी सीमध्ये लिहिलेल्या कोडमधला असाच एक ब्रेक होता. एक यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले की शेजारच्यांना निरोप पाठवी, त्या निरोपाने शेजारचे बंद पडे, आणि असे करत ११४ यंत्रांची साखळी हेलकावत राहिली. सीचा जन्म १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये झाला आणि बेल लॅब्ज एटी अँड टीचीच होती.

मग सीची रचना अशी मोकाट का? डेनिस रिची यांनी ती युनिक्स लिहिण्यासाठी घडवली. त्यांच्या गटाकडे सुरुवातीला जे पीडीपी-११ यंत्र होते त्याची मेमरी होती २४ किलोबाइट. एवढ्याशा जागेत कंपायलर बसवायचा तर तपासणीचा भार त्याच्यावर टाकणे परवडणारे नव्हते. संशयास्पद वाक्ये शोधायला स्टीफन जॉन्सन यांनी पुढे लिंट नावाचा वेगळा प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे चुका दाखवणारी व्यवस्था सीसोबत होती, पण बाजूला होती. भाषा आपल्याकडे आली, लिंट बहुतेकांपर्यंत पोचलेच नाही.

मेमरीच्या चुकांचे मूळही तिथेच सापडते. दहा दिवसांच्या दुधासाठी इंट लिटर[१०] असा ॲरे घेतला तर त्यात लिटर[०] ते लिटर[९] असे दहा डबे असतात. कंसातला आकडा क्रमांक नाही. सुरुवातीपासून किती डबे पुढे जायचे ते तो सांगतो, म्हणून पहिला शून्यावर. आपण दिवस एकपासून मोजतो, त्यामुळे लूप १ ते १० फिरवले जाते. लिटर[१०] हा डबा अस्तित्वात नाही, तरी सी तिथे मजकूर लिहू देते. शेजारी एकूण हे व्हेरिएबल असेल तर त्याची किंमत बिघडेल. काहीच नसेल तर प्रोग्रॅम बिनबोभाट चालेल आणि परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या कॉम्प्युटरवर आपटेल. ‘सर, काल तर चालत होता’ हे वाक्य लॅबमध्ये ऐकू आले की आधी ॲरेची हद्द तपासावी. त्यानंतर बेरजेचे व्हेरिएबल सुरुवातीला शून्य केले आहे का ते पाहावे, कारण फंक्शनच्या आत बनवलेला डबा सी पुसून देत नाही. आधीचा कचरा त्यात तसाच असतो.

स्कॅनएफमधला & विसरणे यातलेच. स्कॅनएफला किंमत नको असते, पत्ता हवा असतो, कारण त्याला डब्यात काहीतरी ठेवायचे असते. & नसेल तर डब्यात पडलेला कचरा हाच पत्ता समजून तो तिथे लिहायला जातो. लिनक्सवर बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट येतो आणि निदान कळते तरी. डॉसमध्ये असे संरक्षण नव्हते, त्यामुळे टर्बो सीवर प्रोग्रॅम कधी चालल्यासारखा दिसे. स्कॅनएफने आकडा घेतल्यावर लगेच एक अक्षर वाचायला सांगितले की प्रोग्रॅम थांबतच नाही, पुढे निघून जातो. आकड्यानंतर दाबलेला एंटर तिथे शिल्लक असतो, तोच अक्षर म्हणून उचलला जातो. %सी च्या आधी एक रिकामी जागा सोडली की काम होते.

स्ट्रिंगच्या तुलनेत == लिहिले तर सी दोन नावांची अक्षरे ताडून बघत नाही, त्यांचे पत्ते ताडते. स्ट्रकंप वापरावे लागते. जावात गेलेल्या मुलांना हाच खड्डा पुन्हा लागतो आणि तिथे तो जास्त फसवा असतो, कारण कोडमध्ये लिहिलेल्या दोन सारख्या स्ट्रिंग एकाच जागी ठेवल्या जातात आणि == चुकून बरोबर उत्तर देते. तीच स्ट्रिंग कीबोर्डवरून आली की उत्तर फिरते. बाकी जावाने बरेच शहाणपण दाखवले. तिथे इफमध्ये आकडा चालत नाही, त्यामुळे = ची चूक बहुतेक वेळा कंपायलरच पकडतो. गो भाषेने तर केसमधून आपोआप खाली घसरणेच काढून टाकले.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ते बोलतो. महाराष्ट्रात सी शिकलेल्या दोन पिढ्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर वाढल्या. त्या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. छोट्या गावातून आलेल्या मुलाला झेपेल अशा भाषेत त्याने सी समजावली. टर्बो सीनेही त्या काळात साध्या यंत्रावर उत्तम काम केले. पण बोरलँडचा तो कंपायलर डॉससाठी होता. आज तो चालवायला डॉसबॉक्ससारखा आधार घ्यावा लागतो, आणि तरीही कित्येक लॅबमध्ये त्याच्यावरच प्रॅक्टिकल होतात. त्याचा परिणाम शिकण्यावर होतो. व्हॉइड मेन, कोनिओ, क्लिअरस्क्रीन, गेटच हे सगळे सी भाषेचे भाग आहेत असे मुलांना वाटते. शेवटी गेटच का लिहायचे, तर सरांनी सांगितले म्हणून. खरे कारण साधे आहे: टर्बो सीमध्ये प्रोग्रॅम संपताच पडदा पुन्हा एडिटरवर येतो, उत्तर दिसायला वेळच मिळत नाही, म्हणून एक की दाबेपर्यंत थांबवायचे. दुसऱ्या कंपायलरवर हीच मुले गेली की पहिल्याच ओळीला एरर येतो आणि आपल्याला सी येत नाही असा समज करून घेतात.

त्याहून घातक म्हणजे ‘आउटपुट काय येईल’ छापाचे प्रश्न. एकाच प्रिंटएफमध्ये आय, आय++ आणि ++आय लिहायचे आणि उत्तर विचारायचे. कोणते आधी सोडवायचे हे सीच्या मानकाने ठरवलेलेच नाही. एकाच वाक्यात एक व्हेरिएबल असे दोनदा बदलले तर त्याचा अर्थ अनिश्चित, असे मानक स्पष्ट सांगते. टर्बो सी एक उत्तर देतो, जीसीसी दुसरे देऊ शकतो, आणि दोघेही नियमात असतात. अशा प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर म्हणजे एका जुन्या कंपायलरचा स्वभाव पाठ करणे. हुशार मुले त्यावर आठवडे घालवतात आणि मुलाखतीत तेच सांगतात. याचे मला वाईट वाटते, कारण त्याच वेळात त्यांना पॉइंटर नीट समजला असता.

मदत हाताशी आहे. जीसीसी चालवताना -डब्ल्यूऑल आणि -डब्ल्यूएक्स्ट्रा हे दोन पर्याय दिले की या प्रकरणातल्या पुष्कळ चुकांवर तो बोट ठेवतो: इफमधला =, साखळी तुलना, इफमागचा मोकळा अर्धविराम, विसरलेला &, राहिलेला ब्रेक, एका वाक्यात दोनदा बदललेला आय. ॲरेच्या हद्दीसाठी ॲड्रेस सॅनिटायझर चालू केला तर प्रोग्रॅम नेमक्या चुकीच्या जागी थांबतो. पूर्णांक भागाकाराबद्दल मात्र कंपायलर गप्पच राहतो. तिथे कागद-पेन्सिल घेऊन, प्रत्येक ओळीनंतर प्रत्येक व्हेरिएबलची किंमत लिहीत ड्राय रन करण्यावाचून इलाज नाही. घरी कॉम्प्युटर नसला तरी अँड्रॉइड फोनवर टर्मक्समध्ये क्लँग कंपायलर बसतो आणि तोही यातले बरेचसे इशारे देतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी++ ची छोट्या व्हिडिओंची मालिका मराठीतही आहे. ती लिनक्स आणि जीसीसीवर शिकवते. मला तिची एक पद्धत फार आवडते: प्रोग्रॅम चालवून दाखवला की शिकवणारा त्यात मुद्दाम चूक करतो, आलेला एरर वाचून दाखवतो आणि मग ती दुरुस्त करतो.

हीच पद्धत आपल्या जर्नलमध्ये यावी. आज जर्नलमध्ये फक्त बरोबर चाललेला प्रोग्रॅम आणि त्याचे आउटपुट चिकटवायचे असते, त्यामुळे चुकलेला प्रोग्रॅम मुले घाईने पुसून टाकतात आणि शेजारच्याचा उतरवतात. प्रत्येक प्रॅक्टिकलला एक पान जास्तीचे ठेवावे. त्यावर आपला चुकलेला कोड, कंपायलरने दिलेला इशारा किंवा आलेले चुकीचे उत्तर, आणि चूक कशी सापडली याच्या चार ओळी, मराठीत लिहिल्या तरी चालतील. ओरलला एक्स्टर्नल सरांनी त्याच पानावर प्रश्न विचारावेत. लेखी परीक्षेत आय++ च्या कोड्याऐवजी असा प्रश्न यावा: खालील प्रोग्रॅम कंपाइल होतो, ५०० पैकी ४१२ गुणांची टक्केवारी मात्र शून्य दाखवतो, कोणती ओळ चुकली, का चुकली, आणि ती दोन वेगळ्या प्रकारे दुरुस्त करून दाखवा.